तुमचं मराठी फार छान आहे हो

शनिवारी एका माणसाने मला सांगितलं, की माझं मराठी फार छान आहे.

आज मंगळवार. अजून ते डोक्यातून गेलेलं नाहीये. भाकरी थापताना आठवतं, भाकरीला भोक पडतं, सासूबाई म्हणतात कोणाचा राग काढतेस पिठावर, मी म्हणते त्या लेन्सवाल्याचा, त्या म्हणतात अगं तो बिचारा कौतुकच करत होता की. करत होता ना. तेच तर.

आधीचं पटकन सांगून टाकते. नवरा पाळक आहे. आम्ही मेळघाटात राहतो, गावाचं नाव लिहीत नाही कारण मंडळी बत्तीस जणांची, त्यातले नऊ अजून कडेवरचे, म्हणजे उरलेल्या तेविसांना कोण बोलतंय ते लगेच कळेल. लोक आम्हाला मिशनरी म्हणतात. मिशनरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर गोरा साहेब, हॅट आणि घोडा येतो. आमच्याकडे सावळा नवरा, कानटोपी आणि बोलेरो आहे, आणि घोडा जेवढ्या वेळा थांबला नसता तेवढ्या वेळा ती चढावर थांबते. अख्ख्या जगाचा सुट्टीचा रविवार हा आमचा ड्युटीचा दिवस, त्यामुळे महिन्यातून एका शनिवारी डबा बांधून सिपनेच्या काठी जायचं, पोरांनी पाण्यात खेळायचं, सासूबाईंनी "पुढे जाऊ नका" म्हणायचं आणि नवऱ्याने दगडावर बसून उद्याचा संदेश मनातल्या मनात जुळवायचा, अशी आमची सहल. तो देहाने सहलीला असतो. बाकीचा रविवारी सकाळी साडेदहाला पोचलेला असतो.

आता बोलेरोबद्दल दोन शब्द, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. तिच्या मागच्या काचेवर आधीच्या पाळकांनी तेविसाव्या स्तोत्राचं स्टिकर लावलंय. परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही. शेजारी एक गुबगुबीत मेंढी. मेळघाटातले आठ पावसाळे खाल्ल्यावर त्यातला परमेश्वर गेला, माझा पण गेला, खालच्या ओळीतलं मला आणि उणे गेलं. आता वरच्या ओळीत नुसतं "मेंढपाळ आहे" आणि खाली "काही पडणार नाही". त्याच्या बरोब्बर खाली सुतळीने बांधलेला बंपर. मी दोन वर्षं सांगतेय की ते स्टिकर काढा तरी नाहीतर बंपर बसवा तरी. नवरा म्हणतो दोन्ही एकमेकांना धरून आहेत.

तर सेमाडोहला आम्ही चहाला थांबलो. टपरीवाल्या भाऊंकडे रबडी असते, इथल्या गवळ्यांकडच्या दुधाची, आणि मेळघाटातला खवा-रबडी ज्याने खाल्ली नाही त्याला मी काय सांगणार. मी दोन द्रोण घेऊन वळले तर बोलेरोच्या मागे एक गृहस्थ वाकून स्टिकर वाचतायत.

पन्नाशीचे असतील. पुण्याचे का नागपूरचे ते सांगत नाही, दोन्हीकडे माझे नातेवाईक आहेत. अंगात डोक्यापासून बुटापर्यंत पानांच्या छापाचे कपडे, म्हणजे जंगलात वाघाला दिसू नये म्हणून, आणि आवाज असा की वाघाने ऐकून मध्य प्रदेशात जावं. गळ्यात हातभर लेन्स. लेन्सला स्वतःची उशी होती, मला बोलेरोत नाहीये.

ते नवऱ्याला म्हणाले, "किती आहेत?"

नवरा बोनेटला टेकून उभा होता, नजर समोरच्या सागावर, डोक्यात उद्याचा संदेश. त्याला कोणी किती आहेत विचारलं की एकच गोष्ट सुचते.

"बत्तीस," तो म्हणाला. "त्यातली नऊ अगदी लहान आहेत."

"वा! इथेच चारता?"

"इथेच. तसं चारणारा तो आहे, आम्ही नुसते हाकायला." आणि बोट वर.

गृहस्थांनी वर बघितलं. वर टपरीचा पत्रा होता.

"नाही, पण जंगल आहे, वाघ उचलत नाही का?"

"वाघाचं काही नाही हो," नवऱ्याने मोठा सुस्कारा सोडला. "दिवाळी झाली की ठेकेदार येतो आणि निम्मी घेऊन जातो. मग होळीलाच परत येतात."

"मेंढ्या?"

"कोणत्या मेंढ्या?"

मी मध्ये पडायला हवं होतं, मान्य आहे, पण हातात दोन द्रोण होते आणि खरं सांगायचं तर मला मजा येत होती. शेवटी आमच्या थोरल्यानेच, वय वर्षं नऊ, सांगून टाकलं की अंकल माझे पप्पा चर्चचे आहेत, ती मेंढी नुसती चित्राची आहे.

आणि इथे त्या माणसाचं जे काही झालं. चेहरा बदलला, पाठ ताठ झाली, हात पुढे आला. "ओह! मिशनरीज!" आणि भाषा बदलली. इतका वेळ आमच्याशी, म्हणजे त्याच्या मते धनगरांशी, तो व्यवस्थित मराठीत बोलत होता. पास्टर म्हटल्याबरोबर इंग्रजी सुरू.

"सो, व्हेअर आर यू पीपल फ्रॉम?"

मी म्हटलं, "मी नगरची. हे जालन्याचे."

"नो नो, आय मीन ओरिजिनली."

"ओरिजिनली नेवासा तालुका."

"अच्छा. अँड बिफोर दॅट?"

बिफोर दॅट म्हणजे काय मला खरंच कळलं नाही. नेवाशाच्या आधी कोण कुठे असतं? माझे आजोबा नेवाशाचे, पणजोबा नेवाशाचे, त्यांच्या आधीचे दुष्काळात कुठे कुठे हिंडले असतील पण हिंडून परत नेवाशातच आले. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली तो खांब माझ्या माहेरापासून सायकलवर दहा मिनिटांवर आहे. लहानपणी आम्ही त्याच्या आवारातल्या सावलीत बसून बोरं खाल्लीत. हे सगळं मी त्यांना सांगितलं, सगळं, मराठीत, जरा आवाज चढवूनच, आणि ते माझ्याकडे मान तिरकी करून बघत राहिले, जसं आपण बोलक्या पोपटाकडे बघतो, आणि मग लेन्सवर हात ठेवून म्हणाले,

"गैरसमज नको हं, पण तुमचं मराठी फार छान आहे हो!"

मी एम.ए. मराठी आहे. दुसरा वर्ग, पण आहे. लग्नाआधी सहा वर्षं शाळेत मराठी शिकवलंय. अंगचं आणि अंगाचं यातला फरक मी दीडशे पोरांच्या गळी उतरवलाय. आणि तोंडातून काय निघावं? "थँक्यू."

थँक्यू! ते पण इंग्रजीत!

रात्री मला सोळा उत्तरं सुचली. त्यातलं सगळ्यात बरं होतं "तुमचंही बरं आहे की, कुठे शिकलात?" पण ते रात्री पावणेबाराला सुचलं आणि तेव्हा ऐकायला नवरा होता, तोही झोपलेला.

आणि असं पहिल्यांदा झालं असं नाही. माझं नाव ऐकलं की आडनाव विचारतात, आडनाव शिंदे म्हटलं की दोन सेकंद शांतता, मग "म्हणजे आपले शिंदे?" आता आपले म्हणजे कोणाचे ते तुम्हीच ठरवा. अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईत उतरले 1813 मध्ये, नगरला आले 1831 मध्ये, त्या मिशनच्या नावातसुद्धा मराठी आहे, 1842 पासून ज्ञानोदय निघतंय, माझी आजी ते चष्म्याला दोरा बांधून वाचायची आणि जात्यावर येशूच्या ओव्या म्हणायची. म्हणजे धरून चाला दोनशे वर्षं. दोनशे वर्षांत माणूस भाषा शिकतो की नाही, तीही आधीपासून येत असलेली? जाऊ दे. मी परत पिठावर राग काढायला लागले.

टपरीवर परत येऊ. त्या गृहस्थांचं "गैरसमज नको हं" हे एक यंत्र होतं, ते वाजलं की समजायचं आता काहीतरी येतंय.

"गैरसमज नको हं, पण फादर लोक तर लग्न करत नाहीत ना?" नजर नवऱ्यावर, मग माझ्यावर, मग थोरल्यावर, मग धाकटीवर, मोजत. "मग हे...?"

सासूबाई तोवर गाडीतच बसून होत्या. त्यांनी काच खाली केली. आमच्या बोलेरोची काच हँडल फिरवून खाली करावी लागते, त्याला वेळ लागतो, त्यामुळे त्यांच्या रागाला एक प्रकारची मिरवणूक मिळते. कर्र, कर्र, कर्र. मग डोकं बाहेर. "अहो भाऊ, कॅथलिकांचे फादर वेगळे, आमचे पाळक वेगळे. आमच्यात लग्न होतं. मीच लावलंय, भर मांडवात, चारशे पान होतं. फोटो दाखवू?" आणि त्या खरंच पर्समध्ये हात घालायला लागल्या, म्हणून मी पटकन डबा काढला. डबा निघाला की सासूबाई शांत होतात.

तर ते डब्यातच बघायला लागले. थालीपीठ, ठेचा, कांदा, दह्याची वाटी. त्यांच्या तोंडावर अशी निराशा मी फक्त आमच्या धाकटीच्या तोंडावर पाहिलीय, ती पण शाळेत गणिताचा पेपर निघाला की.

"केक नाही?"

नाही हो केक. रोज केक कोण खातं? आमच्या घरी नाताळातसुद्धा केक एक आणि करंज्या दीडशे असतात, अनारसे बिघडले तर रडारड होते. त्यांनी थालीपिठाचा तुकडा खाल्ला, मी विचारलं नव्हतं तरी खाल्ला, आणि म्हणाले अरे हे तर अगदी आमच्यासारखं झालंय.

मग डॉलर. डॉलर येणारच होते. "गैरसमज नको हं, पण फंडिंग बाहेरचं असेल ना? बंगला-बिंगला?"

बंगला आहे. शंभरेक वर्षं जुना, साहेबाने बांधलेला, उंच छत, दोन फुटी भिंती, आणि वर कवेलू. साहेब कधीच गेला, कवेलू राहिले. त्या कवेलूंवर रोज दुपारी तीनला वानरांची टोळी येते, त्यांना खाली आमची सीताफळं दिसतात, आणि उडी मारताना प्रत्येक वानर आठ-दहा कवेलू घेऊन उतरतं. कवेलू करणारे आता कोणी राहिले नाहीत, पडक्या घरांवरून मागून आणावे लागतात, आणि शाकारायला छपरावर चढणारा एकच म्हातारा आहे, तो म्हणतो ताई टिनं टाका. टिनांना पैसे कोण देणार? पावसाळ्यात आम्ही नऊ ठिकाणी भांडी लावतो. मुलं आवाजावरून ओळखतात कोणतं भांडं भरलं. नवऱ्याचं मानधन ऐकलं असतं तर त्या माणसाने लेन्सची उशी आम्हाला दान केली असती. पण गावात अजूनही ठाम समज आहे की साहेबाने जाताना दिवाणखान्याखाली सोनं पुरलंय. एकदा नवऱ्याने स्वतःच दोन फरशा उचकटून बघितल्या. वाळवी निघाली.

हे सगळं मी त्यांना सांगत होते तेव्हा ते मोबाईलवर वाघाचे फोटो दाखवत होते, ताडोब्याचे. दोन्ही एकाच वेळी चाललं होतं.

"इथे वाघ दिसला का तुम्हाला?"

हा माझा दुखरा दात. मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांतला, 1974 पासूनचा, पण इथलं जंगल डोंगराळ आणि दाट, ताडोब्यासारखा वाघ रस्त्यावर येऊन पोज देत नाही. आठ वर्षांत आम्ही काय पाहिलं? पंजे. ओरखडे. एकदा विष्ठा, ताजी, नवऱ्याने फार कौतुकाने दाखवली. गवे पाहिले, कोळसुंदे पाहिले, अस्वल तर इतक्यांदा की नकोसं, मोहफुलांच्या दिवसांत पहाटे बायका फुलं वेचायला जातात तेव्हा भीती वाघाची नसते, अस्वलाची असते, कारण त्यालाही तीच फुलं हवी असतात आणि त्याला रांगेत थांबायची सवय नाही. पण वाघ नाही. रात्री-अपरात्री बाळंतिणीला घेऊन बोलेरो दवाखान्यात गेलीय, परत आलीय, घाटात दोन तास बंद पडून उभी राहिलीय. वाघ नाही. नातेवाईकांना वाटतं आमच्या अंगणात धुणं वाळतं तसे वाघ वाळत असतात.

"नाही," मी म्हटलं.

"अरेरे," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांना आमची मनापासून दया आली.

मग आलं ते खरं. ते मला येताना दिसलं होतं, कारण आधी आवाज खाली गेला, मग टपरीकडे बघून झालं, मग यंत्र वाजलं. "गैरसमज नको हं, पण तुम्ही लोक इथे नेमकं करता काय?"

हा प्रश्न हसत विचारला होता. पण तो कसा विचारतात ते आम्हाला माहीत आहे. हसत विचारतात, मग जरा कमी हसत, मग एखादा माणूस गाडीचा नंबर लिहून घेतो. तेव्हा मी ठेच्यावर झाकण लावत होते, झाकण नीट बसत नव्हतं, आणि माझ्या मनात आलं की काय सांगू याला, कालचा दिवस सांगू का? काल एकीच्या रेशनकार्डावर नवऱ्याचं नाव चुकलं होतं त्याचा अर्ज लिहिला, संडे स्कूलच्या पोरांचे दात घासून घेतले, मंडळीतल्या एका आजोबांची शेळी उपासनेच्या टेबलावरचं कापड खाऊन गेली तर त्यांच्याशी भांडले, मग त्यांच्याकडेच चहा प्यायले. एवढंच. यात कोणाचं काय बिघडलं मला कळत नाही. आणि समजा कळत असतं तरी तू कोण विचारणारा, रबडी खा आणि जा ना.

एवढ्या वर्षांत इथल्या कोरकू बायकांनी मला हे कधी विचारलेलं नाही. आले तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, पोरं किती. कोरकूंच्या भाषेत कोरो म्हणजे माणूस, आणि कोरकू म्हणजे माणसं, बस. आम्ही ज्या नदीकाठी डबा खातो ती सिपना, म्हणजे त्यांच्या भाषेत साग. ही भाषा मराठीच्या गावची नाहीच, तिची भावंडं तिकडे पार झारखंडात, संथाळी नि मुंडारी. मला आठ वर्षांत ती जेमतेम बाजारापुरती येते आणि मी चुकले की बायका पदर तोंडाला लावून हसतात. छान बोलतेस असं एकदाही कोणी म्हणालेलं नाही. होळीला पाच दिवस रस्त्यात दोरी धरून, नाचून फगवा मागतात तेव्हा आमची बोलेरोही अडवतात, सवलत नाही, पास्टर असो की कलेक्टर. सासूबाई घासाघीस करतात. दहावरून सुरू, वीसवर मिटतं.

तर मी काहीच बोलले नाही. नवरा बोलला. तो तोपर्यंत रविवारातून परत शनिवारात आला होता. म्हणाला, "आम्ही प्रार्थना करतो हो. बाकी जमेल ते."

गृहस्थांचा चेहरा एकदम उजळला. "अरे मग माझ्यासाठी करा ना! दुपारची जिप्सी आहे तीन वाजता. तीन ट्रिपा झाल्या मेळघाटच्या, नुसती वानरं. तुमच्या देवाला सांगून बघा, आमच्यावाल्यांना सांगून झालंय."

मला वाटलं नवरा हसून सोडून देईल. त्याने कानटोपी काढली. पुढे गेला, त्या माणसाच्या पानाफुलांच्या खांद्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि भर टपरीवर, रबडीच्या कढईशेजारी, मनापासून प्रार्थना केली. प्रवास सुखरूप होवो, जंगलातल्या सगळ्या जिवांचं रक्षण होवो, आणि प्रभू, तुझी इच्छा असेल तर या भावाला वाघ दिसो. आमेन. थोरला आमेन म्हणाला. त्या माणसानेही म्हटलं, जरा उशिरा. टपरीवाले भाऊ झारा हातात धरून उभे होते, ते मला हळूच म्हणाले, "बाई, पास्टरसाहेब वाघ मांगून राह्यले का? आमच्या इकडं पाऊस मांगा म्हना ना."

नंबर दिले-घेतले गेले. नदीवर गेलो. पोरं भिजली. धाकटीची एक चप्पल सिपनेने नेली.

आमच्याकडे रेंज फक्त विहिरीच्या कठड्यावर येते, तेही उभं राहिलं तर, दोन काड्या. रात्री नऊला नवरा उद्याची गाणी पेटीवाल्याला कळवायला कठड्यावर चढला आणि तिथूनच ओरडला. मला वाटलं पडला. मी आणि सासूबाई धावत गेलो.

व्हिडिओ होता. चार मिनिटं. वाघ. रस्त्याच्या मधोमध, ऊन तिरपं, सागाची पानं खाली, तो येतो, बसतो, पंजा चाटतो, जांभई देतो, त्याच्या दाढासुद्धा दिसतात. मागे जिप्सीत त्या माणसाचा आवाज, कुजबुजतोय, "ओ माय गॉड, ओ माय गॉड, फादरने खरंच करून दाखवलं यार."

सासूबाई पूर्ण व्हिडिओ दोनदा बघून मुलाकडे वळल्या. "आठ वर्षं," त्या म्हणाल्या. "आठ वर्षं मी या रानात आहे, तुझ्या आईसाठी एकदा मागावंसं वाटलं नाही तुला?"

नवरा म्हणाला, आई तू कधी सांगितलंच नाहीस. मग त्यांचं जे सुरू झालं ते अजून चालू आहे, पण ते त्यांचं त्यांना. मी फोन घेतला. व्हिडिओखाली मेसेज होता, मराठीत, आणि लिहिलं होतं:

"खुप खुप आभारी आहे फादर. मिसेस ना पण सांगा. गैरसमज नको पण त्यांचे मराठी खरच सूंदर आहे."

निळ्या टिका शनिवारीच गेल्यात. उत्तर अजून दिलेलं नाही. आधी त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल करून पाठवू की नुसतं थँक्यू लिहू, हे ठरत नाहीये. आतापर्यंत चार सापडल्यात.